मूठ

खडे बाजारात, शिवपुत्राच्या काउंटरवर
दोन कॅमेरे शेजारी शेजारी.
एक नऊशे ग्रॅमचा,
दुसरा बॅटरीसकट पावणेदोन किलो.

"काय बघूलास रे एवढं, परशराम," शिवपुत्र म्हणतो,
"मुलगी बघायला आल्यागत?"
आणि पोऱ्याला कन्नडात चहा सांगतो,
माझा बिनसाखरेचा, मला न विचारता.

मुलगी कसली. मी मनगट बघतोय.
खांदा तर सांबऱ्याच्या, कंग्राळीच्या मैदानांत
आठ किलोच्या धुडाला देऊन बसलो,
अठरा वर्षं.
डॉक्टर म्हणाले, आता हातात मावेल असं काहीतरी घ्या.
हातात मावेल असं.
जणू हात म्हणजे फडताळ.

हलका उचलतो. दारात उभा राहतो.
पडद्यावर समोरचा कुंदेवाला,
कढईतला झारा, झाऱ्यावरची माशी,
आणि सगळं माझ्या श्वासाबरोबर
किंचित वर, किंचित खाली.
हलकी वस्तू स्थिर राहत नाही,
हे नव्या पोरांना सांगून पटत नाही.
हाताला काम हवं असतं, मग तो गप्प बसतो.

पण याचा डोळा मोठा.
लग्नाच्या मांडवात वीज गेली
तरी नवरीची नथ दिसेल, शिवपुत्र सांगतो.
दिसेल. फक्त नथच दिसेल.
मल्लाचं नाक ठसठशीत आणि कान धुरकट,
असलं चित्र मैदानात चालत नाही, बाबा.
माणूस किती वर्षं मातीत आहे
ते त्याच्या चुरगळलेल्या कानावर लिहिलेलं असतं.

दुसरा जड. त्याला वरून मूठ,
पाण्याची कळशी उचलावी तशी.
माइकच्या दोन खोबणी:
एक हलगीला, एक निवेदकाला
(तो मराठीत सुरू करतो
आणि पकड बसली की कन्नडात ओरडतो).
काळ्या काचेची चकती अंगठ्यानं फिरते,
तांबड्या मातीवरचं तीनचं ऊन
एका टिचकीत संध्याकाळ होतं.

मी घड्याळ लावून तो धरून उभा राहतो.
अकरा मिनिटं. एका चांगल्या जोडीची कुस्ती.
सातव्या मिनिटाला करंगळी बोलू लागते.
नवव्याला कोपर.
शिवपुत्र चहा पितो. माझा गार होतो.

"थरथर दिसणारच नाही," तो म्हणतो,
"आतलं यंत्र सगळं पुसून टाकतं."

सगळं?

येळ्ळूरच्या यल्लुबाई आल्या होत्या एकदा,
लेकाच्या हरलेल्या कुस्तीची कॅसेट मागायला.
जिंकलेल्या तीन होत्या, त्या नकोत म्हणाल्या.
दुकानात, उभ्यानंच पाहिली.
पोरगा पाठीवर पडतो
आणि चित्र एकदम आभाळात जातं,
निशाणाची दोरी, कुणाची तरी टोपी, पुन्हा माती.
मी ओरडलो होतो. माझाच हात हलला होता.
माफी मागणार, तर म्हणाल्या,
"हितंच थांबव.
हितं कुणीतरी त्याच्यासाठी हललंय."

तो पोरगा आता कुठं आहे, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.

"शिवपुत्र, ते पुसायचं यंत्र
बंद कुठून होतं?"
हलक्यात ते पडद्याच्या आत,
तिसऱ्या यादीत, सातव्या ओळीत.
चष्मा लावून शोधावं लागलं.
जडाच्या अंगावरच एक बटण,
डाव्या अंगठ्याखाली, खरबरीत.
डोळे मिटून दाबलं.
उघडले तेव्हा कुंदेवाला
थोडा थोडा हलत होता,
माणसं हलतात तसा.

"हाच दे."
"मनगट?"
"मनगटाला पट्टा बांधीन."

तो बिल करतो. किमतीवरून अर्धा तास भांडतो आम्ही,
त्याच्या मराठीत, माझ्या कन्नडात.
जाताना हलका पुन्हा एकदा उचलून पाहतो.
खरंच, काहीच वजन नाही त्याला.
शिवपुत्र तो काचेत ठेवतो,
आणि मी घेतलेला खोका
बस स्टँडपर्यंत
तीनदा हात बदलून नेतो.